पाटीच्या आधी पाळणा

(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



विषय चिटणीसबाईंनीच सुचविला : 'मुलांना वाचनाची गोडी'. बहुधा त्यांच्या मनात शाळेत जाणारी मुले असावीत. मी मात्र आज त्यांच्याविषयी बोलणार नाही. जे मूल अजून पाळण्यात आहे, त्याच्या वाचनाविषयी मी बोलणार आहे. हे ऐकून मागे बसलेल्या काही आजीबाई हसल्या, ते मी पाहिले. ज्याला दात नाहीत त्याला चणे कशाला, असेच त्यांना वाटले असणार. पण त्यांनी थोडा धीर धरावा. माझे बोलणे पुरे होईपर्यंत त्यांना असे आढळून येईल की, मी ज्या कामाविषयी बोलते आहे ते काम त्या स्वतः पुष्कळ वर्षे करीत आल्या आहेत. फक्त त्याला कोणी शिक्षण म्हटले नाही.

आधी एक गैरसमज दूर करते. दोन वर्षांच्या लेकराच्या हाती पाटी-पेन्सिल द्या, त्याच्याकडून 'अ आ इ ई' घोकून घ्या, असे मी मुळीच सांगत नाही. ज्याची बोटे अजून भाकरीचा तुकडा नीट धरीत नाहीत, त्याच्याकडून अक्षर गिरवून घेणे म्हणजे त्याला अक्षराचा कंटाळा शिकविणे होय. माझे म्हणणे एवढेच आहे की, वाचन पाटीपासून सुरू होत नाही. ते बोलण्यापासून सुरू होते, आणि बोलणे पाळण्याच्याही आधी सुरू होते.

आईच्या पोटात शेवटच्या तीन महिन्यांत बाळाला ऐकू येऊ लागते. जन्मल्यावर दोन-तीन दिवसांतच ते इतर बायकांच्या आवाजापेक्षा आपल्या आईचा आवाज अधिक पसंत करते, हे अमेरिकेतील संशोधकांनी 1980 साली प्रयोग करून दाखविले. नवजात बाळाची नजर साधारणपणे वीत-दीड वीत अंतरापर्यंतच नीट पोचते. आता पाहा, अंगावर पिणाऱ्या बाळापासून आईचे तोंड बरोबर तेवढ्याच अंतरावर असते! म्हणजे बाळाचे पहिले पुस्तक आईचा चेहरा हेच, आणि पहिला धडा तिचे बोलणे. दोन-तीन महिन्यांचे बाळ हुंकार देते. आपण उत्तर दिले की पुन्हा देते. सहा महिन्यांचे 'बा-बा', 'दा-दा' करते. वर्षाच्या आसपास पहिला खरा शब्द येतो, आणि बोटाने दाखविणे येते. दुसऱ्या वर्षी 'आई, पाणी' असे दोन शब्द जोडले जातात, आणि तीन वर्षांचे मूल आपल्याला प्रश्न विचारून हैराण करते. ह्या प्रत्येक पायरीवर कोणीतरी समोर बसून उत्तर देणारे हवे असते. हुंकाराला हुंकार मिळाला नाही, तर बाळही हळूहळू गप्प होते.

ह्याचा वाचनाशी संबंध काय, असे कोणी विचारील. तो असा. शाळेत गेल्यावर मूल अक्षर पाहते, त्याचा आवाज काढते, आवाज जोडून शब्द करते. पण तो शब्द त्याने कधी ऐकलेलाच नसेल, तर सगळी खटपट करूनही हाती काय लागणार? 'वि-ही-र' अशी अक्षरे लावून झाल्यावर ज्या मुलाच्या डोळ्यांपुढे विहीर उभी राहते, त्याला वाचता आले. ज्याच्या पुढे काहीच उभे राहत नाही, त्याने नुसते आवाज काढले. शब्दांची ही शिदोरी शाळा बांधून देत नाही; ती घरूनच न्यावी लागते. पहिलीत एकाच बाकावर बसलेल्या दोन मुलांपैकी एकाची शिदोरी भरलेली आणि दुसऱ्याची रिकामी असते, त्याचे कारण बुद्धी नव्हे. आम्ही मात्र दुसऱ्याला 'ढ' म्हणून मोकळे होतो.

आता पुष्कळजणींच्या मनात येईल की, 'बाई, आम्हालाच वाचता येत नाही, आम्ही लेकराला काय वाचून दाखविणार?' ह्या प्रश्नाला मी मोठा मान देते, कारण तो खऱ्या कळकळीतून येतो. त्याचे उत्तर आपल्याच भागात आहे. जात्यावरच्या ओव्यांचा जो मोठा संग्रह हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी सुरू केला, त्यात महाराष्ट्रातल्या बायकांच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमा झाल्या आहेत. 1996 साली आपल्या शेजारच्या माजलगावच्या बायकांच्या ओव्याही त्यासाठी ध्वनिमुद्रित झाल्या. ह्या गाणाऱ्या बायकांपैकी पुष्कळींना सही करता येत नव्हती. पण त्यांच्यापाशी शब्द किती होते, उपमा किती होत्या, बाबासाहेबांपासून पंढरपूरच्या वाटेपर्यंत विषय किती होते! दळणाऱ्या आईच्या मांडीवर डोके ठेवून निजलेले मूल रोज पहाटे ही भाषा ऐकत असे. गिरणी आली, जाते कोपऱ्यात गेले, बाईचा जीव सुटला, हे चांगलेच झाले. पण जात्याबरोबर पहाटेचे ते गाणेही गेले आणि त्या जागी दुसरे काही आले नाही. आता तर रडणाऱ्या बाळापुढे मोबाईल धरतात. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 साली स्पष्ट सांगितले आहे की, वर्षाच्या आतल्या बाळाला पडद्यापुढे मुळीच बसवू नये, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलाला दिवसाकाठी तासाहून अधिक नको. मोबाईल बोलतो खरा, पण बाळाच्या हुंकाराला तो उत्तर देत नाही.

तेव्हा अक्षरशत्रू आईनेही असे समजू नये की, आपल्याजवळ देण्यासारखे काही नाही. चित्राचे पुस्तक उघडून 'ही बघ गाय, आपल्या कपिलेसारखी; हिचे वासरू कुठे गेले?' असे विचारावयास अक्षर-ओळख लागत नाही. मूल बोट दाखविते, आपण नाव सांगतो. मूल पान उलटते, आपण पुढची हकीगत रचतो. पुस्तक सुलटे कसे धरावयाचे, पान कोणत्या बाजूने उलटावयाचे आणि ह्या कागदात काहीतरी मौजेचे दडलेले असते, एवढे तीन वर्षांच्या मुलाला कळले की पाटीची अर्धी तयारी झाली. आणि हे घरच्याच भाषेत व्हावे. निजामी राजवटीत मराठवाड्यातल्या वरच्या इयत्तांची सरकारी शाळा उर्दूत चाले. मराठी घरातल्या मुलाची घरची भाषा एक आणि शाळेची दुसरी. 1948 साली ती राजवट संपली. दोष उर्दूचा नव्हता; आपल्या धारूरात कित्येक शेजारणींची ती मायबोलीच आहे, आणि त्यांनी बाळाशी त्याच गोड भाषेत बोलावे. तांड्यावरच्या आईने गोरमाटीत बोलावे. आपण मराठीत, तेही आपल्या धारूरच्या मराठीत बोलावे. उद्या इंग्रजी शाळेत घालावयाचे म्हणून आजपासून बाळाशी मोडके इंग्रजी बोलू नये. एक भाषा पक्की झाली की, तिच्या आधाराने दुसरी शिकणे सोपे जाते.

भगिनींनो, हे काम चार बायांनी मिळून करता येते, ह्याचा मोठा दाखला आपल्या महाराष्ट्रातच आहे. ताराबाई मोडक यांनी भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर बालशिक्षणाचे काम केले. 1926 साली नूतन बालशिक्षण संघ निघाला. पुढे मुंबईला दादरच्या शिशुविहारात त्यांनी काम केले. पण शहरातल्या सुखवस्तू मुलांची बालमंदिरे चालवून त्यांचे समाधान होईना. 1945 साली त्या समुद्रकाठच्या बोर्डी गावी गेल्या आणि तेथे अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. अनुताईंचे लहानपणीच लग्न होऊन काही महिन्यांतच त्यांना वैधव्य आले होते. अशा बाईने कोपऱ्यात बसावे, असा तो काळ होता. त्या बसल्या नाहीत.

बोर्डीला बालवाडी उघडली, पण दलित वस्तीतली मुले तेथे येईनात. तेव्हा ह्या दोघींनी काय केले? मुले येत नाहीत म्हणून तक्रार केली नाही. बालवाडीच उचलून त्यांच्या अंगणात नेली. अंगणात मुलांना न्हाऊमाखू घालावे, गाणी म्हणावीत, गोष्टी सांगाव्यात, आणि विकतच्या साहित्याऐवजी खडे, शिंपले, पाने, बिया घेऊन खेळ मांडावेत. 'अंगणवाडी' हा शब्द असा जन्मला. पुढे 1975 च्या 2 ऑक्टोबरला सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना 33 ठिकाणी सुरू केली, तेव्हा हेच नाव देशाने उचलले. आज देशात सुमारे 14 लाख अंगणवाड्या आहेत. आपल्या गल्लीतल्या अंगणवाडीच्या पाटीवर जो शब्द आहे, तो दोन मराठी बायांच्या कामातून आलेला आहे, हे आपल्या मुलींना जरूर सांगावे.

बोर्डीहून हे काम कोसबाडच्या टेकडीवर, आदिवासी पाड्यांत गेले. तेथे निराळीच अडचण. थोरली मुले शाळेत यावीत, तर घरचे तान्हे कोण सांभाळणार? आणि गुरे कोण राखणार? तेव्हा एकाच आवारात पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा मांडली, तिला 'विकासवाडी' म्हटले. बहीण कडेवर भावाला घेऊन आली तरी चालेल. तो पाळण्यात, ती वर्गात. गुराख्यांसाठी शाळाच कुरणावर गेली, ती 'कुरणशाळा'. मूल जेथे असेल तेथे शिक्षणाने जावे, हा कोसबाडचा धडा आहे.

आता हा धडा आपल्या गावाला लावून पाहू. दसरा झाला की, आपल्या बालाघाटाच्या डोंगरातली किती घरे कुलूपबंद होतात, हे तुम्हाला मी सांगावयास नको. मुकादमाची उचल घेतलेली असते. बैलगाड्या, ट्रॅक्टर भरतात, आणि नवरा-बायको मिळून एक 'कोयता' होऊन पश्चिम महाराष्ट्राच्या, कर्नाटकाच्या वाटेला लागतात. परत येणे उन्हाळ्याच्या तोंडी. शाळेच्या वयाच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहांची सोय आहे. ती पुरेशी आहे की नाही, हा निराळा विषय. पण सहा वर्षांच्या आतले मूल? ते एक तर आजीआजोबांपाशी मागे राहते, किंवा आईबरोबर फडावर जाते. पहाटे अंधारात आई ऊस तोडावयास जाते तेव्हा ते पाचटावर निजलेले असते. दिवसभर ते मोळ्यांच्या आडोशाला, नाहीतर सात-आठ वर्षांच्या बहिणीच्या कडेवर असते. रात्री कोपीत आई परत येते ती इतकी दमून की, तिच्या तोंडून शब्द निघत नाही. जी पाच-सहा वर्षे शब्दांची शिदोरी भरण्याची, त्यांतली निम्मी अशी जातात. आणि त्या सात-आठ वर्षांच्या बहिणीची शाळाही त्याच्याबरोबर जाते. एका तान्ह्यापायी दोन पाट्या कोऱ्या राहतात.

कोणी म्हणेल, ही तर पोटाची गोष्ट झाली; त्यात आपले मंडळ काय करणार? उचल, मजुरी, पाणी हे प्रश्न आपल्या एका मंडळाने सुटणारे नाहीत, हे खरे. परंतु जे हातात आहे ते करता येते. इंग्लंडातल्या बर्मिंगहॅम शहरात 1992 साली अवघ्या 300 बाळांच्या घरी चित्रांची पुस्तके देऊन एक उपक्रम सुरू झाला. पुढे तो त्या देशभर पसरला. त्याआधी 1989 साली अमेरिकेत बोस्टनच्या डॉक्टरांनी तपासणीला आलेल्या प्रत्येक लहान मुलाला औषधाच्या चिठ्ठीबरोबर एक पुस्तक देण्याची चाल पाडली. 2014 मध्ये तेथील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने जन्मापासूनच बाळाला वाचून दाखवावे, असा सल्ला सर्व डॉक्टरांना देण्यास सांगितले. आपल्या सरकारनेही 2024 साली तीन वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी 'नवचेतना' नावाचा आराखडा काढला असून, बाळाशी बोलणे, खेळणे, गाणे हे अंगणवाडीच्या कामात धरले आहे. अंगणवाडी-ताईंवर आधीच कामाचा डोंगर आहे. त्यांना आपली मदत हवी आहे.

म्हणून मी मंडळापुढे चार कामे ठेवते. चारही आपल्या शक्तीतली आहेत.

पहिले काम गोधडीच्या पुस्तकाचे. आपल्यापैकी कोणाला गोधडी शिवता येत नाही, असे नाही. जुन्या सुती लुगड्याचे, धोतराचे वीतभर तुकडे घेऊन आठ पानांचे पुस्तक शिवावे. एकेका पानावर टाक्यांनी एक चित्र काढावे : भाकरी, गाय, विहीर, चांदोबा, बैलगाडी, सीताफळ, आपला किल्ला. खाली एकच शब्द ठळक टाक्यांत. हे पुस्तक बाळाने तोंडात घातले तरी फाटत नाही, मळले तर गरम पाण्यातून काढता येते. मणी, गुंड्या मात्र लावू नयेत. त्या तुटल्या तर बाळ गिळील. आपल्या शेजारी अंबाजोगाईला दासोपंतांनी लांबलचक वस्त्रावर 'पासोडी' लिहिली, ती आजही लोक कौतुकाने पाहावयास जातात. कापडावर अक्षर ही आपल्या मुलखातली जुनीच गोष्ट आहे.

दुसरे काम वाणाचे. हळदीकुंकवाला आपण प्लास्टिकचे डबे, चमचे वाटतो; घरोघरी ते पडून असतात. त्याऐवजी मुलांचे पुस्तक वाण म्हणून द्यावे. 'प्रथम बुक्स'सारख्या संस्था स्वस्तात काढतात, माधुरी पुरंदरे यांच्यासारख्या लेखिकेची सुंदर चित्रमय पुस्तके मराठीत आहेत. पण एक ध्यानात ठेवावे. संक्रांतीच्या वाणापर्यंत आपण थांबलो, तर ज्या आयांना पुस्तकाची सर्वांत अधिक गरज आहे, त्या तेव्हा फडात असतील. म्हणून हे वाण नवरात्रातच द्यावे, म्हणजे पिठाच्या गाठोड्याबरोबर गोधडीचे पुस्तकही गाडीत चढेल. आणि वाण देताना कपाळ पाहू नये. विधवा आजीच पुष्कळदा मागे राहिलेले नातवंड सांभाळते. पुस्तक तिच्याच हाती प्रथम जावयास हवे. अनुताईंचे नाव घ्यावयाचे आणि तिला दाराबाहेर ठेवावयाचे, हे आपल्याला शोभणार नाही. उर्दू बोलणाऱ्या शेजारणींनाही बोलवावे. पुस्तकाच्या वाणाला धर्म आडवा येत नाही.

तिसरे काम आजींच्या बैठकीचे. आठवड्यातून एक संध्याकाळ, अंगणवाडीच्या ओट्यावर किंवा देवळाच्या पारावर, मागे राहिलेल्या मुलांना घेऊन आजींनी जमावे. चिऊकाऊची गोष्ट, उखाणे, कोडी, भेंड्या एवढे पुरे. मंडळाच्या दोन तरुण मुलींनी त्यांच्या ओव्या, अंगाईगीते मोबाईलवर ध्वनिमुद्रित करून फडावरच्या आयांना पाठवावीत. आणि तिकडून आईने पाठविलेली एखादी गोष्ट मागे राहिलेल्या लेकराला निजताना ऐकवावी. मोबाईल वाईट नाही. त्यातून आईचा आवाज यावा, एवढेच म्हणणे आहे.

चौथे काम लसीच्या दिवसाचे. दीड महिना, अडीच महिने, साडेतीन महिने आणि मग नववा महिना संपताना, ह्या लसींसाठी प्रत्येक आई बाळाला घेऊन येतेच. त्या दिवशी मंडळाच्या दोघीजणींनी तेथे बसावे. थांबलेल्या आयांशी चार शब्द बोलावे, चित्र कसे दाखवावयाचे ते करून दाखवावे, आणि नवव्या महिन्याच्या लसीला बाळाच्या हाती एक पुस्तक द्यावे.

आणखी एकच गोष्ट, आणि ती बोलताना मला संकोच वाटत नाही. 2011 च्या जनगणनेत आपल्या बीड जिल्ह्यात सहा वर्षांच्या आतल्या हजार मुलग्यांमागे मुली फक्त 807 होत्या. साऱ्या महाराष्ट्रात सर्वांत कमी. ज्या मुली जन्मास आल्या, त्यांच्याशी तरी आपण भरभरून बोलावे. मुलगा रडला की तीनजणी धावतात, मुलगी रडली तर 'रडू दे, सवय होईल' म्हणतात. अशाने तिची शिदोरी पाळण्यातच हलकी होते. पहिले गोधडीचे पुस्तक ह्या वर्षी धारूरात जन्मलेल्या मुलीच्या पाळण्यात पडावे, अशी माझी मंडळाला विनंती आहे.

नवरात्राला अजून अवकाश आहे. घरोघरी जुनी लुगडी आहेत, सुईदोरा आहे, दुपारचा वेळ आहे. पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीने कापडाचे आठ तुकडे घेऊन यावे, आणि आपल्या गल्लीतून कोणती लेकरे फडावर जाणार, कोणती मागे राहणार, ह्यांची नावे चिटणीसबाईंकडे लिहवून द्यावीत. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी सांगावीत, दुसरी लिहून घेईल.